खाणमायची खेप

कुंताबाईला अंगात येणाऱ्या बायांचा फार राग होता. नवरात्रात भुरसाटोल्याच्या पारावर डफ वाजू लागला की दोन-चार जणी केस सोडून घुमू लागत आणि बाकीच्या हात जोडून त्यांच्या पुढ्यात बसत. कुंताबाई मागे, लिंबाच्या बुंध्याला टेकून उभी राहायची. "देव नेमका सैपाकाच्या वेळेलेच कसा येते व?" असं शेजारणीच्या कानात पुटपुटायची, आणि ती बिचारी पदर तोंडात कोंबून हसू दाबायची. एकदा घुमणाऱ्या एकीनं तिच्याकडे बोट करून विचारलं होतं, "तुले माह्यावर विस्वास नाही?" कुंताबाई म्हणाली, "मायवर हाय. तुह्यावर नाही."

खाणमायला मात्र ती मानायची. खाणमायला मूर्ती नाही. गावाच्या उत्तरेला टेकडी आहे, तिच्या माथ्यावर जिथून रूळ खाली उतरू लागतात तिथे शेंदूर फासलेला एक काळा दगड आहे. तो मॅंगनीजचाच. त्याच्याएवढा दुसरा कुठलाही दगड उचला, हा त्याहून जडच भरतो.

या टेकडीच्या पोटातून कित्येक वर्षं मॅंगनीज निघालं. वर खाण, पायथ्याशी माल उतरवायचा ओटा, आणि दोहोंच्या मधे अरुंद रुळांचा तीव्र उतार. भरलेला लोखंडी डब्बा तारांच्या दोराला बांधून खाली सोडायचा. त्याच्याच वजनानं शेजारच्या रुळांवरचा रिकामा डब्बा वर ओढला जायचा. ना इंजिन, ना बैल. माथ्यावर एक भलंमोठं चाक, चाकाभोवती दोर, आणि चाकाला आवळून धरणारा एक दांडा. त्या दांड्यावर हात असायचा श्यामरावचा, म्हणजे कुंताबाईच्या नवऱ्याचा. कुंताबाई स्वतः रेजा होती. इतर बायांबरोबर ती दगड फोडायची, निवडायची आणि टोपल्यांनी डब्बे भरायची.

रोज सकाळची पहिली खेप खाणमायची. तिच्यातून माल जात नसे, आणि माणूस तर नाहीच नाही. रेजा तो डब्बा नुसत्या दगडांनी भरत, एरवीच्या मालाहून वर शीग लावून. त्यावर एक लिंबू आणि चिमूटभर कुंकू. झाडाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोला पडला की उतारावरची आणि ओट्यावरची सगळी माणसं बाजूला होत, मग श्यामराव दांडा ढिला करी. डब्बा खाली पोचला की दिवस सुरू. नवी आलेली एखादी रेजा कुरकुरायची, एवढे दगड कायले भराचे फुकट? "खाणमाय जड असते," श्यामराव म्हणायचा आणि विडी पेटवायचा.

कुलदीप पोटात असताना एका सकाळी कुंताबाईनं तो दोर तुटताना पाहिला. खाणमायची खेप अर्ध्या उतारावर होती. नवं कापड टराटरा फाडावं तसा आवाज झाला. दोराचं तुटकं टोक सपकन उलटं आलं आणि वाटेतल्या पळसाची फांदी छाटून गेलं. डब्बा गडगडत ओट्यावर आदळला आणि ओटा फोडून पलीकडच्या खड्ड्यात कोसळला. कुणाला ओरखडाही आला नाही. लोकांनी खाणमायपुढे नारळ फोडले. श्यामराव तिकडे फिरकला नाही. तो चाकाजवळ उकिडवा बसून होता, आणि त्याच्या हातातली विडी विझली होती. संध्याकाळी जेवताना तो इतकंच म्हणाला, "आज दगड होते." कुंताबाईनं त्याच्या ताटात भात वाढला. 

पुढे खाण बंद पडली. श्यामराव खोकून खोकून गेला. दोर कुणीतरी भंगारात नेला, खालचा खड्डा पाण्यानं भरला. त्या पाण्याचा रंग आजूबाजूच्या कुठल्याच तळ्यासारखा नाही. हिरवा, दाट आणि निश्चल. त्यात कुणी शिंगाडे लावले नाहीत की जाळं टाकलं नाही. गुरंसुद्धा त्या बाजूला पाण्यावर जात नसत.

मग भूपेंद्र आला. तुमसरच्या एका तांदूळ व्यापाऱ्याचा हा मुलगा नागपुरात शिकला होता. बोलायला गोड आणि माणसं जोडणारा. त्यानं खाणीच्या साहेबाचा जुना बंगला आणि बाबू लोकांची घरं भाड्यानं घेतली, कौलं शाकारली, भिंतींना चुना दिला, आणि 'खाणबंगला' अशी पाटी लावून मुक्कामाला येणाऱ्यांसाठी खोल्या सुरू केल्या. नागपूर, गोंदिया, रायपूरकडची माणसं शनिवार-रविवार येऊ लागली. धानाच्या बांध्यांवर चालायचं, चुलीवरचं जेवायचं, जुन्या डब्ब्याला टेकून फोटो काढायचे. स्वयंपाकाला त्यानं कुंताबाईला ठेवलं. तिचा झिंग्यांचा रस्सा आणि लाखोरीच्या डाळीचे वडे खायला माणसं दुसऱ्यांदा येतात, असं तो सगळ्यांना सांगायचा. तो तिला 'मावशी' म्हणायचा, आणि ते तोंडदेखलं नव्हतं. तिला ताप आला तेव्हा स्वतः गाडीतून दवाखान्यात घेऊन गेला होता.

त्यानं उतारावरचे रूळ पुन्हा सरळ करून घेतले तेव्हा कुंताबाईला बरंच वाटलं. नागपुरात गॅरेजमधे राबणारा कुलदीप त्यामुळे घरी आला. डब्ब्यात दोन बाकं बसवली, रंग दिला. चढताना ओढायला वर मोटार लावली, आणि उतरताना धरायला तेच जुनं चाक आणि तोच दांडा. बापाच्या जागी लेक उभा राहिला. कुलदीपची बायको रूपा म्हणाली, "मामंजी असते तर पाहून खूश झाले असते." कुंताबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती पायथ्याकडे बघत होती. रूळ जिथे संपतात तिथे आडवा एक लाकडी ओंडका टाकला होता. ओंडक्यापलीकडे ते पाणी.

घटस्थापनेला डब्बा सुरू करायचं ठरलं. दोन दिवस आधी बंगल्याच्या पडवीत सगळे जमले. भूपेंद्रला गावाला दुखवायचं नव्हतं. त्यानं जागेश्वर भगताला बोलावून घेतलं. पारावरच्या देवाचं आणि खाणमायचंही सगळं जागेश्वरच बघतो.

"पहिली खेप खाणमायची," जागेश्वर म्हणाला. "त्यात माणूस बसत नाही. हे आमच्या बापजाद्यापासून हाय."

"बरोबर आहे," भूपेंद्र म्हणाला. "पण भगतजी, पाहुणे येणार, पेपरवाले येणार. रिकामा डब्बा सोडून काय दाखवू?"

जागेश्वरनं बराच विचार केला. तो लबाड माणूस नव्हता. देवाच्या कामात त्यानं कधी कुणाकडून काही उकळलं नाही. तंबाखू मळता मळता तो म्हणाला, "माणूस बसत नाही. पण नवरात्रात कुमारिका माणूस राहते का? ते तर मायच होते. आपण तिचे पाय धुतो. मंग मायच्या खेपेत माय बसली तर चुकलं कोठं?"

पडवीतल्या कुणालाच यात खोट सापडली नाही. भूपेंद्रचे तर डोळे चमकले. कुमारिका कुठली, याचाही निकाल लगेच लागला. दांड्यावर जिचा आजा होता आणि आता बाप आहे, त्या घरचीच मुलगी. कुलदीपची गुड्डी. मान त्यांचा.

स्वयंपाकघराच्या दारातून कुंताबाई म्हणाली, "पहिल्या खेपेत दगड जात होते."

"जाऊ दे ना व, कुंताबाई," जागेश्वर समजुतीनं म्हणाला. "दगड मायच्या नावानंच जात होते. आता माय सोता जाईन."

ती हात पुसत पुढे आली. "भूपेंद्र, म्या दोर तुटताना पाहिला हाय. दगड होते म्हणून निभावलं. आधी दगड पाठव बाबू, मंग कोणाले बसवाचं त्याले बसव."

"मावशी, तो तुमचा जुना जमाना. सगळी तपासणी झालीय," भूपेंद्र हसून म्हणाला, आणि त्यानं तिला खरोखर धीर द्यावा म्हणून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या नातीला मी असं तसं बसवीन का?"

घरी तिनं कुलदीपला गाठलं. तो अंगणात पाय धूत होता.

"दोर नवा हाय का?"

"दुसऱ्या खाणीतला हाय. बंद पडली ते. चांगल्या हालतीत हाय."

"म्हंजे जुना."

"जुना नाही, वापरलेला." तो चिडला. "आई, तुले माह्यावर भरोसा नाही का? माही पोरगी हाय ते. मी दांडा सोडून देईन का?"

"दांड्याचं कोण म्हणून राहिलं? मी दोराचं म्हणून राहिली."

"दगड भराले अर्धा घंटा लागते. पाव्हणे दगड पाहाले येऊन राहिले का?"

घरात रूपा गुड्डीला हिरवं लुगडं नेसवून पाहत होती. सात-आठ वर्षांची पोर आरशापुढे ताठ उभी होती. हसायचं नाही असं तिला सांगितलेलं. कुंताबाईच्या मनात आलं, पोरीला घेऊन बहिणीकडे दिघोरीला निघून जावं. पण मग जागेश्वर दुसऱ्या घरची पोरगी आणून बसवील. ती कोणाची तरी गुड्डीच असेल.

घटस्थापनेच्या सकाळी टेकडीवर जत्रेसारखी गर्दी झाली. डफ वाजत होते. आंब्याच्या पानांचं तोरण डब्ब्याला बांधलं होतं. गुड्डीला बाकावर बसवलं तेव्हा तिचे पाय तळाला टेकले नाहीत. कपाळभर मळवट, हातात लिंबू. ती आजीकडे पाहून हळूच हसली, मग हसायचं नाही हे आठवून तोंड मिटलं. कुलदीप दांड्याजवळ गेला. जागेश्वरनं टोला द्यायला लोखंडाचा तुकडा हातात घेतला.

आरतीचं ताट कुंताबाईच्या हातात होतं. तिनं ते सोडून दिलं.

दगडावर ताट आपटल्याच्या आवाजानं डफ थांबले. तिनं अंबाड्याला हात घातला. आपले पांढरे केस चारचौघांत आपणच सोडताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुडघे वाकवावे की मान आधी हलवावी, हेही क्षणभर सुचेना. मग पारावरच्या बायांना आयुष्यभर मागून पाहिलेलं तिच्या कामी आलं. ती घुमू लागली. घशातून आवाज काढला तो इतका जाड निघाला की तीच दचकली.

"माह्या खेपेत लेकरू कोणं बसवलं?"

जागेश्वरनं हातातलं लोखंड टाकलं आणि तो जमिनीवर पालथा पडला.

"मी जड हाव. मले माहे दगड पायजे. रोज पायजे."

ज्या बाईच्या अंगात कधी आलं नाही, जी इतरांना हसायची, तिच्या अंगात आलं. गावाला याहून मोठा पुरावा नको होता. कुणीतरी गुड्डीला उचलून खाली घेतलं. दगड गोळा करायला सगळे धावले. पाहुणेसुद्धा पांढऱ्या बुटांनी उतारावर चढून दगड आणू लागले. शीग लागली. टोला पडला. डब्बा खाली गेला, ओंडक्याजवळ सावकाश थांबला, आणि मोटारीनं ओढून वर आला. दोराला काही झालं नाही.

दगड काढून टाकल्यावर दुसऱ्या खेपेला गुड्डी बसली, तेव्हा कुंताबाई चाकाशेजारी उभी राहून पाहत राहिली. पोर खाली जाऊन हसत वर आली.

दुपारी स्वयंपाकघरात कुलदीप पाणी प्यायला आला. "आई, तू झाडीपट्टीच्या नाटकात काहून नाही गेली?" तो म्हणाला. "तिकिटं काढली असती लोकायनं."

"भात घेतो का?" तिनं विचारलं.

तिला वाटलं होतं, एकदाच करायचं. पण दुसऱ्या सकाळी ती कणीक मळत असताना भूपेंद्र दारात उभा राहिला. "मावशी, पाहुणे थांबलेत. माय येणार ना? म्हणजे नसेल येत तर राहू द्या, सरळ डब्बा सोडू." तिनं कणकेचे हात धुतले आणि केस सोडले.

मग ते रोजचंच झालं. दगडांसाठी माय हवी आणि मायसाठी कुंताबाई. पूर्वी खाणमायची खेप कुणाच्या येण्या-जाण्यावर थांबत नव्हती. पाऊस असो, भगत असो-नसो, दगड जात. आता ती एका म्हातारीच्या घशात येऊन बसली होती. लोक तिच्या पाया पडू लागले. पार कोंढा गावाहून बाया लेकरं घेऊन यायच्या. शेजारीण, जिच्या कानात ती आयुष्यभर पुटपुटली, ती आता तिच्याजवळ बसताना पदर सावरून, जरा अंतर ठेवून बसायची. गुड्डी रोज शाळेत जाण्याआधी माथ्यावर खाणमायच्या दगडापुढच्या ओट्यावर बसून आजीला पाहायची. हनुवटी गुडघ्यावर टेकवून, डोळे न हलवता.

दिवाळीच्या सुट्ट्यांत खोल्या भरल्या. एका सकाळी कुंताबाई घुमत असतानाच जागेश्वर हात जोडून पुढे आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"माय, चूक झाली," तो म्हणाला. "तुले अंग नव्हतं तवा आम्ही तुह्या नावानं दगड पाठवत होतो. आता तू अंग घेऊन उभी हाय, आन् तुह्यासमोर आम्ही दगड भरून राहिलो. कोणाच्या घरी देव जेवाले आला तर त्याले फोटोपुढचं ताट देते का कोणी? आता तूच बस, माय."

"मले दगड पायजे," ती म्हणाली.

"तू लेकरायची परीक्षा पाहून राहिली," जागेश्वर म्हणाला. मागच्या बायांनी माना डोलावल्या.

भूपेंद्र जवळ आला, अगदी आदरानं वाकला, आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, लोकांची इच्छा आहे. मायला नसेल बसायचं तर कुमारिकेलाच बसवू. गुड्डी आहेच."

कुंताबाईनं ओट्याकडे पाहिलं. गुड्डी उठून उभी राहिली होती.

ती डब्ब्यात चढली. दगडांच्या जागी बसली. टोला पडला आणि चाकं हलली. रूळ खालून कुरकुरत सरकू लागले. दोन्ही बाजूंची झुडपं मागे जात राहिली आणि समोर, ओंडक्यापलीकडे, ते पाणी मोठं मोठं होत गेलं. उन्हाचा एकही कवडसा त्यावर हलत नव्हता. डब्बा ओंडक्याजवळ थांबला. वरून टाळ्या ऐकू आल्या.

 दुसऱ्या सकाळी कुलदीप हातात एक जाडसर फडकं घेऊन आला. आई डब्ब्यात बसली आणि जागेश्वर आरती म्हणू लागला, तोवर त्यानं डब्ब्याच्या चाकांपुढे दगड लावले, वरचं मोठं चाक उलटं फिरवून दोर सैल सोडला आणि हातभर हातभर फडक्यातून ओढून पाहिला. आजवर त्यानं असं केलं नव्हतं. ना गुड्डी बसणार होती तेव्हा, ना पाहुणे बसत होते तेव्हा. कुंताबाई वळून पाहत राहिली. रोज तो तसं करू लागला. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नसे, फक्त फडकं पुढे सरकत असे. 

सुट्ट्या संपत आल्या होत्या त्या सकाळी फडकं अडकलं.

त्यानं ते हळूच सोडवलं, बोटानं चाचपलं. तुटलेली एक तार उभी राहून त्याच्या तळव्यात घुसली होती. थोडं पुढे आणखी दोन. त्यानं मान वर करून आईकडे पाहिलं. फडक्यावर रक्ताचा डाग पसरत होता.

तो भूपेंद्रकडे गेला. डब्ब्यात बसलेल्या कुंताबाईला दोघांचं बोलणं तुटक तुटक ऐकू आलं.

"एक-दोन तारा तुटल्यानं काय होतं? सोमवारी नवा मागवतो."

"आजच बंद करा भाऊ."

"अरे, पोरंबाळं घेऊन लोक थांबलेत. हळू सोड. दांडा तुझ्या हातात आहे ना?"

डब्ब्यापासून थोड्या अंतरावर दुसऱ्या खेपेसाठी लोक रांगेत उभे होते. कडेवर मुलं, हातात फोन. रांगेच्या तोंडाशी गुड्डी होती. सुट्टीत तिला एक फेरी मिळायची.

कुलदीप परत आला. दांड्याकडे न जाता तो डब्ब्यापाशी आला आणि त्यानं आईच्या काखेत हात घातले. "उतर," तो म्हणाला.

"मायले हात लावू नको बे," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

त्यानं तिला उचलून खाली ठेवलं. मग खाणीच्या ढिगाऱ्यावरून दगड आणून डब्ब्यात टाकू लागला. कुणी मदतीला आलं नाही. रक्ताळलेल्या हातानं तो एकटाच वाहत राहिला. बाकं दिसेनाशी झाली, डब्बा काठोकाठ भरला, त्यावर शीग लागली. टोला द्यायला जागेश्वर पुढे झाला नाही, तो कुंताबाईनं दिला.

कुलदीपनं दांडा ढिला केला आणि डब्बा निघाला. उताराच्या मध्यावर गेला. मग तो आवाज आला. कुंताबाईनं गुड्डीचं डोकं आपल्या पोटाशी दाबून धरलं. दोराचं टोक झुडपं कापत वर आलं आणि चाकावर आदळून निपचित पडलं. खाली डब्बा ओंडका उडवून हवेत गेला, क्षणभर दिसला, आणि पाण्यात शिरला. लाट काठावर चढली, ओसरली. थोड्या वेळानं पाणी होतं तसं झालं. वर एक आंब्याचं पान तरंगत होतं.

कुणीतरी फोनवर सगळं टिपलं होतं. एक बाई मुलाला घट्ट धरून रडू लागली. भूपेंद्र मटकन दगडावर बसला. 

"मले काही येत नाही," कुंताबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. केस बांधले आणि पदर डोक्यावर घेतला. "कधीच आलं नाही. मी नाटक केलं. दोर कच्चा हाय का पक्का, ते दगडानं समजते म्हणून केलं. आज पोराच्या हाताले समजलं."

गर्दीत हालचाल झाली. एक एक जण पुढे येऊन तिच्या पायावर डोकं ठेवू लागला. तिनं पाय मागे घेतले तसे ते आणखी वाकले.

"ऐकून राहिले का तुम्ही?" ती म्हणाली. "मी खोटं बोलली."

"तू सोताले लपवून राहिली, माय," जागेश्वर म्हणाला. तो खड्ड्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर भक्ती होती आणि एक काळजीही; घरी आलेल्या पाहुण्याला काही कमी पडलं की असते तशी. मग तो स्वतःशीच, हळू आवाजात म्हणाला, "मायनं सोता बसून दाखवलं, आन् आपण तिले उतरवून पुन्हा दगड देल्ले. उपाशी राहिली ते."

 कुंताबाई गुड्डीचा हात धरून निघाली तेव्हा लोकांनी दोन्ही बाजूंना सरकून वाट करून दिली. एवढी रुंद वाट तिला कधी कुणी दिली नव्हती. चालता चालता तिला जाणवलं, लोकांचे डोळे तिच्यावरून खाली सरकून पोरीवर थांबत होते.

तो उतार बंद पडला. भूपेंद्रनं नव्या दोराचं नाव काढलं नाही. खोल्याही त्यानं काही दिवस मिटून ठेवल्या. कुलदीपनं तळव्याला टाके घालून घेतले आणि तुमसरला एका गॅरेजमधे कामाला जाऊ लागला. घरापुढे सकाळी नारळ आणि लिंबं ठेवलेली सापडायची. रूपा ती उचलून दूर टाकून यायची. दुसऱ्या दिवशी आणखी असायची. कुंताबाईनं दारात बसणं सोडलं. आपल्या हातून जे व्हायचं होतं ते झालं, पोरगी जिवंत आहे, असं ती मनाशी म्हणायची, आणि धान पाखडत बसायची.

एका दुपारी परसातल्या पोरींची बडबड एकाएकी थांबली. सूप बाजूला ठेवून ती मागच्या दाराशी गेली.

वाडीतल्या पोरी हात जोडून ओळीत बसल्या होत्या. त्यांच्यापुढे गुड्डी उभी होती. वेण्या सोडलेल्या, केस तोंडावर. आधी गुडघे वाकले, मग खांदे, मग मान एका बाजूला झोका घेऊ लागली. खेळात पोरी करतात तसं ते कच्चं नव्हतं. कुठेही घाई नव्हती, हसू नव्हतं. रोज सकाळी ओट्यावर बसून जे पाहिलं, ते सगळं तिच्या अंगात उतरलं होतं.

"गुड्डी," कुंताबाईनं हाक मारली.

पोरी दचकून बाजूला झाल्या. गुड्डी घुमतच राहिली.

"गुड्डी, इकडे ये."

पोरीनं चेहरा वर केला. केसांच्या आडून दिसणारे डोळे आजीवर होते, पण त्यांत आजीची ओळख नव्हती. त्या एवढ्याशा गळ्यातून आवाज आला तो जाड होता. तो कुंताबाईचाच होता.

"गुड्डी कोण?"

कुंताबाईनं पुढे होऊन तिला घट्ट मिठीत घेतलं, केस मागे सारले, नावानं हाका मारत राहिली. पोर तिच्या हातांत डुलतच होती. कुंपणाबाहेर कुणाचीतरी पावलं थांबली. आणखी एकाची. कुंताबाईनं वळून पाहिलं तेव्हा जागेश्वर पायातल्या चपला काढत होता.